त्या रकान्यात मी ‘नाही’ लिहिलं

हे मी फोनवर लिहिते आहे. अक्षर इतकं मोठं केलंय की पडद्यावर एका वेळी चार-पाच शब्दच मावतात. पुढचं वाक्य लिहीपर्यंत मागचं वर निघून जातं. त्यामुळे कुठे तेच ते आलं असेल तर समजून घ्या.

माझं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं. हे इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं. पण घरातला कुठला आजार डॉक्टरला सांगायचा आणि कुठला नाही, हे ज्या बायका ठरवतात त्या मराठीत वाचतात. त्यांच्यासाठी हे आहे. आणि त्यांच्या शेजारी पेन घेऊन बसलेल्या माझ्यासारख्या मुलींसाठी.

लाल पेन

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. जालन्यातल्या एका शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवत होते. वह्या तपासताना लाल पेन फिकं उमटायला लागलं. मी रिफिल बदलली, मग पेन बदललं. तिसरं पेन हातात असताना उजवा डोळा चोळायला हात वर गेला, तो डोळा झाकला गेला, आणि वहीतल्या बरोबरच्या खुणा धुतलेल्या विटेसारख्या दिसल्या. डावा झाकून पाहिलं तर त्याच खुणा लालभडक. दोनदा करून पाहिलं. समोर वर्ग बसला होता, म्हणून तिसऱ्यांदा केलं नाही.

दुखत काहीच नव्हतं. म्हणून आठ दिवस कुणाला सांगितलं नाही. शिवाय घरात तो आठवडा आनंदाचा होता. परतूरचं एक स्थळ मला पाहून गेलं होतं आणि निरोप चांगला होता. आई फोनवर सगळ्यांना सांगत होती, “पोरगी जास्त बोलत न्हाई, हेच आवडलं म्हणे त्यांना.”

आठ दिवसांनी डाव्या डोळ्यासमोर मधोमध एक राखाडी डाग बसला, कुणी काचेवर अंगठा दाबून धरावा तसा. फळ्यावरच्या ओळीतला मधला शब्द जायचा, आजूबाजूचे राहायचे. त्या दिवशी घरी येऊन आईला सांगितलं.

रकाना

डोळ्यांच्या दवाखान्यात गर्दी होती. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म दिला. इंग्रजीत होता. आईनं तो न बघताच माझ्याकडे सरकवला. सहावीत असल्यापासून घरातले सगळे फॉर्म मीच भरते. बँकेचे, गॅसचे, पप्पांच्या बियाण्यांच्या दुकानाचे. जुन्या जालन्यात आमच्या गल्लीतले लोकही कागद घेऊन यायचे. मला ते आवडायचं. बोलावं लागायचं नाही आणि उपयोग व्हायचा.

नाव, वय, तक्रार. खाली प्रश्न होता: तुमच्या कुटुंबात कुणाला डोळ्यांचा आजार किंवा अंधत्व आहे का?

माझं पेन थांबलं, कारण मला दत्तामामा आठवला.

दत्तामामा म्हणजे आईचा धाकटा सख्खा भाऊ. शहागडला असतो. तो तेवीस वर्षांचा असताना चार-पाच महिन्यांत त्याचे दोन्ही डोळे गेले. तेव्हा तो हायवेवरच्या एका ढाब्यावर भट्टीपाशी काम करायचा. ढाबा, ट्रकवाले, तरुण पोरगा, एवढ्यावर सगळ्यांनी ठरवून टाकलं की यानं काहीतरी खराब दारू प्यायली. तो सांगायचा, “आईशपथ थेंब न्हाई घेतला.” त्यावर कुणाचाच विश्वास नव्हता. वर्षाच्या आत मामी माहेरी गेली, ती परत आलीच नाही.

त्यात तो काठी वापरत नसे. बांधावरून एकटा जायचा, वाटेतला दगड बरोबर चुकवायचा, आणि समोरचा माणूस मात्र बोलल्याशिवाय ओळखायचा नाही. म्हणून काही लोक म्हणायचे, आंधळा बिंधळा काही नाही, कामचुकार आहे. बोलताना तो समोरच्याच्या डोळ्यांकडे बघायचाच नाही. कानाकडे बघायचा. लहानपणी मला वाटायचं, मामाला माझी भीती वाटते.

एकदा तो आमच्या शाळेच्या गॅदरिंगला आला होता. मी सहावीत. मैत्रिणीनं विचारलं, हे कोण? मी म्हटलं, आमच्या शेतावर काम करतात. इंग्रजीत म्हटलं, त्याला कळू नये म्हणून. मामा माझ्या कानाकडे बघत हसला होता.

दवाखान्यात मी हळूच विचारलं, “मम्मी, मामाचं लिहू?”

आईनं माझ्याकडे बघितलंच नाही. ती समोरच्या बाकाकडे बघत होती. तिथे परतूरच्या मुलाची आत्या बसली होती, मोतीबिंदू दाखवायला आलेली. दहा मिनिटांपूर्वीच तिनं विचारलं होतं, “काय झालं पोरीला?” आणि आई म्हणाली होती, “काही न्हाई ओ, वह्या तपासून तपासून नंबर लागला वाटतं.”

“काही न्हाई लिही,” आई ओठ न हलवता म्हणाली. “त्याचं दारूनं झालंय. त्याचा अन् तुझा काय संबंध?”

मी ‘नो’ लिहिलं. इंग्रजीतली दोन अक्षरं.

आत डॉक्टरांनी तोंडीही विचारलं, “घरात कुणाला असा त्रास?” आई म्हणाली, “न्हाई जी.” मी टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर बघत बसले. माझ्या गप्प राहण्याला सगळे चांगलं वळण म्हणतात. त्या दिवशी ते फक्त सोयीचं होतं.

पाच दिवस

तिथून आम्हाला संभाजीनगरला पाठवलं. डोळ्याच्या नसेला सूज असावी, असा अंदाज होता. समोर असलेल्या माहितीवर तो योग्यच होता, हे मला आता कळतं. पाच दिवस सलाइनमधून औषध दिलं.

हॉस्पिटलात दिवस घड्याळावर चालत नाही, ट्रॉलीच्या आवाजावर चालतो. चहाची ट्रॉली, बीपीची, औषधाची, मग झाडू. आई स्टुलावर बसून मोसंबी सोलायची आणि मी नको म्हटलं की स्वतःच खायची. शेजारच्या खाटेवर अंबडकडच्या एक काकू होत्या. फोनवर मालिका लावायच्या आणि मला दिसत नाही असं समजून सगळं सांगायच्या. “आता सासू आली बरं का. हिरवी साडी. रागात हाय.” मला उजव्या डोळ्यानं नीट दिसत होतं, पण मी त्यांना थांबवलं नाही. कुणीतरी आपल्यासाठी बघतंय हे बरं वाटायचं.

तोंड सुजलं, भूक वाढली. डाग होता तिथेच राहिला.

माझी फाइल मात्र पुढे जात होती. प्रत्येक नवीन डॉक्टर जुना कागद बघून नवा लिहायचे, आणि माझं ‘नो’ पुढच्या कागदावर उतरायचं. परत कुणी विचारलंच नाही. विचारायचं कारणही नव्हतं. उत्तर लिहिलेलं होतं, आणि नीटनेटक्या अक्षरात होतं.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मामाचा फोन आला. आई अंघोळीला गेली होती, म्हणून मी उचलला.

“शिवानी का? कसंय गं डोळ्याचं?”

“ठीक आहे मामा.”

“एक विचारू का? लाल मिरचीचा रंग गेल्ता का आधी? अन् मंग मधात धुकं बसलं, कडंनं बराबर दिसून राह्यलं, असं झालं का?”

मी फोन घट्ट धरला. इतके दिवस कुठल्याच डॉक्टरला मला हे इतक्या नेमकेपणानं सांगता आलं नव्हतं.

“नाही मामा. सूज आहे म्हणाले.”

“दुखतं का मंग?”

“हो,” मी म्हटलं. हेही खोटंच.

“मंग बरं झालं,” तो म्हणाला. त्याचा आवाज खरोखर हलका झाला. “मंग ते न्हाई. माझं बिलकुल दुखत नव्हतं.”

आजारपणातला कुठला क्षण परत मिळावा, असं मला कुणी विचारलं तर मी निदानाचा दिवस मागणार नाही. मी हा फोन मागेन.

आईचा चेहरा

दोन महिन्यांनी, एका सकाळी चहा पिताना, आईचा चेहरा गेला. तिचे कान दिसत होते, कानातली फुलं, भांग, खांद्यावरचा पदर. मधला चेहरा राखाडी; आता उजव्या डोळ्यातही डाग होता. मी नजर तिच्या कानाकडे नेली तेव्हा कडेनं तिचं नाक आणि ओठ थोडेसे परत आले.

मामा माझ्या कानाकडे का बघायचा, ते मला त्या कपभर चहात कळलं. तो मला बघत होता. त्याला दुसऱ्या कुठल्या रीतीनं मी दिसलेच नसते.

तरीही मी बोलले नाही. स्थळ त्याच आठवड्यात परत गेलं. मुलाला अजून शिकायचंय, असा निरोप होता. ज्याच्यासाठी लपवलं ते उरलं नव्हतं, आणि लपवायची सवय मात्र राहिली होती. मी शाळा सोडली.

हैदराबाद

पप्पांच्या ओळखीतून हैदराबादच्या डॉक्टरचं नाव कळलं. तिथे डोळ्यांत थेंब घालायला एक मावशी होत्या. जवळ येण्याआधी दरवेळी स्वतःचं नाव सांगायच्या. “मैं शाहीन. बूँदां डालरी, डरो नक्को.” माणूस जवळ आलाय हे आधी कळणं किती मोठी गोष्ट आहे, ते दिसणाऱ्यांना सांगून कळणार नाही.

डॉक्टर तरुण होत्या. माझ्याशी इंग्रजीत बोलत होत्या, आई-पप्पांशी हिंदीत. जुनी फाइल वाचली, तपासलं, मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, “तू माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघतेस. अशी नजर धरायला लोकांना बराच काळ शिकावं लागतं. तुला कुणी शिकवलं?”

“कुणी नाही,” मी म्हटलं. “माझे मामा असेच बघतात.”

वाक्य तोंडातून गेलं तेव्हा मला कळलं की ते गेलं. आईच्या बांगड्या वाजल्या.

“आईचे भाऊ?”

“हो.”

आई घाईनं हिंदीत म्हणाली, “उसका वो दारू से हुआ, मॅडम. वो अलग है.”

“आपने उनको पीते देखा?”

आईनं पदर सारखा केला. मग मराठीतच म्हणाली, “न्हाई. मी न्हाई बघितलं. लोक म्हणायचे.”

डॉक्टरांनी फाइल पहिल्या पानापर्यंत मागे उलटली. “इथे ‘नो’ लिहिलंय.”

“ते मी लिहिलंय,” मी म्हटलं.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

डीपी

रक्ताचा रिपोर्ट यायला काही आठवडे गेले. निदानाच्या दिवशी डॉक्टरांनी कागदावर एक पेशी काढून आई-पप्पांना समजावलं. प्रत्येक पेशीत मायटोकाँड्रिया नावाची बारीक ऊर्जाघरं असतात. डोळ्याच्या नसेला ऊर्जा फार लागते, आणि ती कमी पडली की मधलं बघणाऱ्या नाजूक तारा आधी विझतात. ही ऊर्जाघरं मुलांना फक्त आईकडून मिळतात. आमच्यातली बिघडलेली आजीकडून आईला आणि मामाला आली, आईकडून मला; ती असलेल्या प्रत्येकाचे डोळे जातातच असं नाही. नववीत याच्यावर एका मार्काचा प्रश्न होता. मला तो मार्क मिळाला होता.

औषध त्या ऊर्जाघरांसाठीच होतं. जिथे वीज अडते तो भाग टाळून ती दुसऱ्या वाटेनं पुढे नेणाऱ्या गोळ्या.

पप्पांनी कागद स्वतःकडे वळवून घेतला. मग मला म्हणाले, “म्हंजे आपली लायटीची डीपी जळालीय, अन् हे शेजारच्या लाइनवर आकडा टाकणार. विचार त्यांना, असंच ना?”

मी भाषांतर केलं. डॉक्टर हसल्या. “साधारण असंच. पण आकडा टाकायलाही नस थोडी जिवंत लागते. म्हणून लवकर सुरू करायचं असतं. आणि सगळ्यांना फायदा होतोच असं नाही.”

मी विचारलं, “पहिला डोळा गेला तेव्हाच सुरू केलं असतं तर दुसरा वाचला असता का?”

“वाचलाच असता, असं मी म्हणू शकत नाही.”

“नसता वाचला, असं म्हणू शकता?”

“नाही. तेही नाही.”

मी या दोन वाक्यांच्या मध्ये राहते. तिथे सवय होत नाही.

बाहेर आल्यावर पप्पा आईला म्हणाले, “शेवटी तुमच्याकडचंच निघालं ना.” एकदाच म्हणाले. परत कधी म्हणाले नाहीत, उलट रात्रीच्या गाडीत स्वतःची शाल तिच्यावर घातली. पण आईनं ते वाक्य ठेवून घेतलं. दोन दिवस ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, “दिलं ते दिलं. पण सांगितलं पण न्हाई मी.” ती माझ्याशी बोलत होती का परातीशी, कळलं नाही. मीही विचारलं नाही.

गोळ्या

गोळ्या दिवसातून तीनदा, जेवणासोबत. लघवीचा रंग लालसर होतो, घाबरू नका, असं डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. आईला सांगायचं राहून गेलं. मला लाल दिसत नव्हतं, त्यामुळे घाबरायचं सगळं काम आईला एकटीला करावं लागलं. खरं कारण कळल्यावर ती आधी चिडली, मग हसत सुटली. सहा महिन्यांत घरातलं ते पहिलं हसू होतं.

धुरापासून लांब राहायला सांगितलंय. पप्पांनी अंगणात कचरा जाळणं बंद केलं, आणि शेजाऱ्यांशी त्यावरून भांडणही करून आले.

सातव्या-आठव्या महिन्यात उजव्या डोळ्यातला डाग विरळ व्हायला लागला. जाळीतून बघावं तसं काही काही मधून येतं. मोठं अक्षर वाचता येतं, अर्धं पान झालं की डोळा थकतो. डावा आहे तिथेच आहे. शाळेनं मला परत बोलावून गोष्टींचा तास दिलाय. मुलांना आवाजावरून ओळखते, आणि ती मला फसवायला एकमेकांचे आवाज काढतात. डोळ्यात जनुकांचं इंजेक्शन देण्याचे प्रयोग कुठे कुठे चालू आहेत असं वाचते. माझ्यापर्यंत ते येईल की नाही, माहीत नाही.

तुम्हाला इतकंच सांगायचंय. फॉर्मवर तो प्रश्न आला की ज्याच्याबद्दल घरात आवाज खाली जातो, त्याचं नाव आधी लिहा.

शहागड

मामाचंही रक्त तपासलं. तेच निघालं. डॉक्टर व्हिडिओ कॉलवर आल्या तेव्हा तो आमच्या घरी नवीन शर्ट घालून ताठ बसला होता, फोनच्या कडेकडे बघत.

“मॅडम, ही गोळी मला चालंल का?”

इतक्या वर्षांनंतर नस सुकलेली असते, मी आशा दाखवणार नाही, असं त्या म्हणाल्या. मी मराठीत सांगितलं.

“बरं बरं. पोरीला बराबर द्या.” मग घसा साफ केला. “मंग माझं दारूनं न्हाई ना झालं?”

“नहीं. बिलकुल नहीं.”

“हे लिहून देता का? मराठीत पाह्यजे.”

त्यांना मराठी येत नव्हती. त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं आणि पुढच्या तपासणीला गेले तेव्हा त्यांच्याच लेटरहेडवर छापून सही-शिक्का घेतला. तो कागद द्यायला आई आणि मी शहागडला गेलो. आई कितीतरी वर्षांनी त्याच्या घरात बसली. त्यानं चहा केला. साखर कुठे आहे, हे त्याला न बघता माहीत होतं.

मी म्हटलं, “मामा, तू फोन केला होतास तेव्हा मी खोटं बोलले. दुखत नव्हतं.”

“ठाऊक हाय,” तो म्हणाला. “मंग कळलं मला.” थोड्या वेळानं म्हणाला, “शाळेत पण कळलं होतं.”

त्यानं माझ्या हातातला कागद घेतला, अंगठ्यानं शिक्का चाचपला आणि परत दिला. “वाच.”

“कुणाला दाखवणार आता?” आई मध्येच म्हणाली. “बोलणारे निम्मे मेले.”

“आपली माय पण,” मामा म्हणाला. “दारू सोड रे, दारू सोड रे, म्हणतच गेली. मी काय सोडू?”

मी वाचायला लागले. अक्षर मोठं करायला सांगितलं होतं, पण तिथल्या प्रिंटरनं ते नेहमीसारखंच छापलं होतं. मान तिरकी करून दोन ओळी निघाल्या. तिसऱ्या ओळीत डोळा थकला आणि शब्द राखाडीत गेले. मी थांबले. बाहेर हायवेवरून ट्रक चालले होते.

आईनं माझ्या हातातून कागद घेतला. चष्मा लावला. ती दहावीपर्यंत शिकलेली आहे, पण मोठ्यानं वाचायची सवय नाही. एकेक शब्द धरून वाचत गेली.

“... यांची दृष्टी... आईकडून आलेल्या या आजारामुळे गेली आहे. ती... दारूमुळे गेलेली नाही.”

मामा तिच्या कानाकडे बघत होता.

“अक्का, शेवटचं परत वाच,” तो म्हणाला. “ट्रकमुळं ऐकू आलं न्हाई.”

ट्रक केव्हाच निघून गेला होता. आईनं परत वाचलं.